दादाच्या सायकलीतली हवा

मेडशी, १४ जानेवारी १९५८. संक्रांत.

तिळगूळ खाल्ला. गोड बोलायचं ठरवलं. दुसरा संकल्प: या महिन्यात दादाची सायकल उभी करायची म्हणजे करायची.

दादाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. माय म्हणाली, रामराव, तुह्या बैलांची काळजी करू नको बाप्पा. कावळा ढिम्म. पोथ्या, वावर, विहीर, सगळ्यांची नावं घेऊन झाली. वहिनी, म्हणजे दादाची बायको सोजर, तोंडात पदर धरून नुसती उभी. शेवटी मी पुढे होऊन म्हटलं, दादा, तुझी सायकल मी माझ्या हातानं नीट करीन आणि मायला तिच्यावर बसवून शिरपूरला चंदामावशीकडे नेईन. कावळा टपकन खाली आला. सगळ्या गावानं पाहिलं. ऊन फार लागत होतं म्हणून बोललो होतो, पण शब्द तो शब्द.

दादा तापानं अंथरुणावर होता तेव्हा गोठ्यातली बैलगाडी मागे सरकून सायकलीची दोन्ही चाकं पापडासारखी वाकली. मायला शिरपूरला न्यायचं त्यानंच कबूल केलं होतं. मावशीची नजर जाऊन राह्यली. माय म्हणते, तिले मी दिसतो तोवर पोचव. मोटारीत मायला उलट्या होतात.

वाशीमच्या बाजारातून नवी चाकं आणली आहेत. स्वस्तातली आहेत, पण चाक ते चाक. टायर मात्र दादाचेच घालणार. मालेगावच्या दुकानात सायकल नेता येत नाही, कारण कावळ्यासमोर 'माझ्या हातानं' असं म्हणून बसलो.

१९ जानेवारी. रविवार.

चाकं बसवली. सोपं आहे. मुळात माझा मेंदू मेकॅनिकल, मास्तरकीत वाया गेला.

टायर चढत नाही. एक बाजू चढते, दुसरी रिमच्या बाहेर राहते. तिला दाबली की पहिली निघते. थंडीनं रबर आखडतं, हे शास्त्र आहे. ऊन पडू द्यावं.

२६ जानेवारी. झेंडावंदन करून आलो.

चढला! वहिनीचं उलथणं घेतलं, रिममध्ये खुपसलं, वर बसलो. पुढचा आणि मागचा, दोन्ही. पंपानं हवा भरली तर टायर दगडासारखे. मायनं बोटानं वाजवून पाहिले. म्हणाली, रामरावाच्या हातचे वाटतात. डोळ्यांत पाणी आलं, ते पंप मारल्यामुळे.

पंपाचा आवाज सुरू झाला तशी वहिनी धावत दारात आली. मला पाहिलं आणि आत गेली. भाकर हातानंच उलटत होती, बोटं भाजली म्हणे. उलथणं परत दिलं. जरा वाकलं आहे.

उद्या शाळा. परवा शिरपूर.

२७ जानेवारी.

शाळेतून आलो तर पुढचा टायर जमिनीला चिकटलेला. खिळा नाही, काटा नाही. भिंतीवर कावळा.

२ फेब्रुवारी.

ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून पाहिली. बुडबुडा नाही. पुन्हा पाहिली. नाही. भोक नाही आणि हवा गेली! शाळेत पोरांना मी सांगतो की भूतबित काही नसते. पोरांना सांगायला ते ठीक आहे.

दादाचं काहीतरी राहिलं आहे.

टायर परत चढवला. घाई केली नाही, उलथणं दोनदा तीनदा नीट फिरवून घेतलं. हात धुऊन येईतो फुस्स.

३ फेब्रुवारी.

ट्यूब पुन्हा काढली. आता तिला दोन बारीक चिरा आहेत. शेजारी शेजारी, अगदी जोडीनं. कशाच्या असाव्यात? कावळ्याच्या चोचीला वरचा आणि खालचा, असे दोनच भाग असतात. मला आणखी काही लिहायचं नाही.

ठिगळ लावलं.

१६ फेब्रुवारी.

आज मागचाही गेला. त्यालाही तशाच दोन चिरा. पुढच्याला आधीच्या चिरांशेजारी नव्या. मायला दाखवल्या. मायनं हात जोडले आणि भिंतीवर रोज घास ठेवायला सुरुवात केली. कावळा आता कुठं जातच नाही.

वहिनीला विचारलं, तुमाले काय वाटते. ती म्हणाली, कायचं काय वाटते भाऊजी, आणि बादली घेऊन विहिरीवर गेली. तिचा या गोष्टींवर विश्वास नसावा. फार व्यवहारी बाई. दादा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलेलं नाही.

२ मार्च.

ट्यूबवर ट्यूब कमी आणि ठिगळं जास्त झाली. ठिगळ लावायची माझी पद्धत मात्र आता उत्तम बसली आहे. प्रॅक्टिस.

गोठ्यात बसलं की सायकलीचं हँडल आपोआप घराच्या दाराकडे वळतं. सरळ करून ठेवावं, पाठ फिरवावी, की परत दाराकडे. दादा बाहेरून आला की असाच वळायचा, घंटी वाजवत. वहिनी तेव्हा कुठंही असो, तवा उतरवून यायची.

आज गोठ्यात चक्क रडलो. कोणी नव्हतं. मोठ्यानं रडलो.

२१ मार्च. पाडवा.

नवा संकल्प: रामनवमीच्या आत.

बाबूसिंग मास्तर आला होता. शाळेतला माझा जोडीदार, तांड्यावर राहतो. म्हणाला, पोहरादेवीच्या जत्रेला निघायच्या आधी मी दोन मिनिटांत बसवून देतो, टायर टाइट असला की एकट्याचं काम नसते. मी म्हटलं, तुला कळायचं नाही, आमचं कावळ्याशी बोलणं झालेलं आहे. तो मग म्हणाला, डोकं ठिकाणावर आहे ना गुरुजी? बंजाऱ्यांत कावळ्याचं नसावं. समजावत बसलो नाही.

३० मार्च.

रामनवमी झाली. परीक्षेचे पेपर होते. शिवाय आता ऊन फार, उन्हानं रबर फुगतं.

११ एप्रिल.

दुपारी गोठ्यात जाऊन सरळच विचारलं. दादा, तुला पाहिजे काय? मी कबूल केलं ते करून राह्यलो ना? मग काहून छळतो? घरच्या माणसाला काहून छळतो?

मागच्या चाकातून बारीक सुस्कारा आला. अगदी दादाचा. झोपायच्या आधी सोडायचा तसा.

पळालो. चप्पल तिथंच राहिली.

१८ एप्रिल.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली. दादाच्या नावाची पहिली घागर भरायची. माय म्हणाली, दिला शब्द अधुरा ठेवून त्याले कोणत्या तोंडानं पाणी पाजू? मावशीचा निरोप आहे, एका डोळ्यानं आता अंधारच. मायनं लुगडं, मावशीसाठी कुरडया, सगळं गाठोड्यात बांधलं. म्हणाली, तू राहू दे जगदेवा, मी मोटारीनं जातो, उलट्या त् उलट्या.

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. जेवलो नाही.

१९ एप्रिल. शनिवार.

सकाळी पंक्चर काढायला बसलो. उलथणं सापडेना. वहिनी समोर येऊन उभी राहिली, उलथणं तिच्या हातात. म्हणाली, हे आता द्याची नाही मी. आणि खाली बसली.

मग सांगितलं. पहिल्यांदा हवा तिनंच सोडली होती. मी शाळेत गेलो, माय वावरात गेली, तेव्हा गोठ्यात जाऊन तिनं वॉल्व्ह ढिला केला. मी म्हटलं, काहून वहिनी? ती म्हणाली, कावळा शिवला तेव्हाच मले धाक पडला. तुमी शब्द पुरा केला की ते जातीन. पुरेच जातीन. सायकल बिघडलेली हाय तोवर त्याईचं काहीतरी इथं अडकलेलं हाय भाऊजी. इच्छा राह्यली त् माणूस राह्यते.

एवढं बोलून ती रडली. दहाव्याला रडली नव्हती, ते सगळं आज रडली. मीही रडलो.

मग जरा वेळानं, धीर करून, मी विचारलं की नंतरच्या वेळी हवा कशी सोडली, कारण मी तर घरातच असायचो. वहिनी नाक पुसून म्हणाली, मंग कायले सोडू? मी जायच्या आधीच हवा गेलेली राहे.

म्हणजे पहिल्या वेळी मी टायर बिनचूक बसवला होता, हे सिद्ध झालं. बाकी वेळांचं पुढं बघू. त्या चिरा वहिनीनं पाहिल्या, मग उलथण्याची वाकडी धार पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी विषय बदलला.

ती म्हणाली, मायबाईचा जीव बहिणीत अडकला हाय. मले त्याईले धरून ठेवाचा काय हक्क. चला, धरा तिकडून. टायर दोघांनी बसवायचा असतो म्हणे. एकानं समोरची बाजू दोन्ही हातांनी दाबून धरायची, दुसऱ्यानं अंगठ्यांनी लोटत न्यायचं. ती आणि दादा असंच करायचे, मागच्या अंगणात. एवढी वर्षं मला फक्त हवा भरायला हाक यायची, त्यामुळे हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं, दादाच्या हातात जादू आहे.

मी दाबून धरलं, तिनं लोटलं. पुढचा टायर टपकन आत गेला. उलथणं नाही, काही नाही. वहिनी रिमवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

मागचा मी एकट्यानं बसवला. कावळ्याला दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. उलथणं मागितलं, तिनं दिलं. हवा भरून पाहिली, दगडासारखा.

२० एप्रिल. रविवार.

गेलो! पहाटे निघालो. माय कॅरिअरवर, गाठोडं मायच्या मांडीवर. मालेगावच्या पुढं चढ आला की उतरून ढकलली. माय रस्ताभर दादाशी बोलत होती, रामराव, हे पाह्य, तुह्या लायन्या भावानं आणलं मले. मावशीनं मायचा चेहरा हातांनी चाचपला, मग एका डोळ्याजवळ नेऊन नेऊन पाहिला. दोघी हसू लागल्या, थांबेनात. माय चार दिवस तिथंच राहणार. आखाजीची घागर ती मावशीकडे भरील, वहिनी इथं भरील.

परत येताना कॅरिअर रिकामं. हलकं वाटायला पाहिजे होतं. पण मालेगाव मागे पडलं आणि सायकल जड होत गेली. वळून पाहायचा धीर झाला नाही. मागं कोणी बसलं असल्यासारखी जड. शेवटी शेवटी तर पायडल फिरेना. दादा लहानपणी मला पुढं बसवून चालवायचा, तेव्हा त्याला असंच जड होत असेल, असं मनात आलं.

वहिनी दारातच होती. घंटी वाजवली तशी दचकली. तिनं आधी पाणी दिलं. मग म्हणाली, ते गेले काय?

मी म्हटलं, नाही वहिनी. मालेगावपासून घरापर्यंत कॅरिअरवर कोणीतरी बसलेलं होतं. खरं सांगतो.

तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी मान खाली घातली. कितीतरी महिन्यांनी ती गुणगुणत चुलीशी गेली.

मान खाली घातली तेव्हा दिसलं. मागचा टायर हवा जाऊन रिमपर्यंत बसलेला होता.

सायकल तशीच उचलून गोठ्यात नेली, आवाज होऊ दिला नाही. चाक कडब्यात नीट झाकलं. उद्याचा संकल्प: पंक्चर काढायचं नाही.