शेवटच्या रकान्यातला सात

मंगळवार, संध्याकाळ

सुमीचे डोळे आलेत, म्हणून तिच्या लॅपटॉपवरच्या, संशोधनासाठीच्या उसाच्या जनुकांच्या तक्त्यातल्या रिकाम्या ओळी सकाळी मीच गाळल्या. तिनं बजावलं होतं, "आई, अख्ख्या ओळीत शून्यच असेल तरच ओळ काढ. एक जरी आकडा असला तर राहू दे."

"चौथी शिकलेय, शून्य कळतं मला," मी फटकारलं. मग पहिली चार शून्यं दिसली की ओळ उडवत सुटले. एकीत शेवटी सात होता. उडवता उडवता दिसला मला. दिसला, तरी परत आणला नाही. का?

आत्ता तिच्या सरांचा फोन आला, नेमकी तीच ओळ हवी होती. सुमी म्हणाली, "माझी चूक, सर." मी शेजारीच कणीक मळत होते. तो सात डोळ्यांसमोर.

फोन ठेवून तिनं विचारलं, "आई, दमलीस का गं?"

मी हो म्हटलं. तर तसल्या लाल डोळ्यांनी सुमीच कणीक मळायला बसली.