नवरीच्या साड्या

नवरा शिवू वारल्यावरही नवी पेठेतल्या दुकानात नवरीच्या साड्या चंद्रिकाच दाखवायची. काल मालक म्हणाले, "उद्यापासून मागं गोदामात बसा. लग्नाच्या गिऱ्हाइकांना विधवेचा हात चालत नाही."

"मग मला तुमची नोकरी चालत नाही," म्हणून ती तडक घरी आली आणि सासूला सगळं सांगितलं.

निंगव्वा म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? आपल्या दानेश्वरीच्या हळदीलाबी तू लांबच राहा की."

आज सासू आणि नणंद दानेश्वरी देवळात गेल्यावर चंद्रिकानं पिशवी भरली आणि चिठ्ठी लिहायला बसली.

"अव्वा, मी मंगळवेढ्याला आईकडे जाते. बीपीची गोळी जेवल्यावर घ्या, उपाशीपोटी नको. ज्वारी दळून आणली आहे. दानेश्वरीच्या शालूला फॉल लावून झाला. माझा हात लागलाय, चालत नसेल तर उसवून दुसरीकडून लावून घ्या. मालकाला मी उलट उत्तर दिलं, तुम्हाला मात्र देऊ शकले नाही. तुम्हाला मी आई मानलं होतं."

निंगव्वाला वाचता येत नव्हतं. चिठ्ठी दानेश्वरीच वाचून दाखवणार होती, आणि पुढच्या आठवड्यात तिचं लग्न होतं.

चंद्रिकानं शालूच्या ओळीपासून खालचा सगळा कागद फाडून घेतला. आईकडे जाण्याचं, गोळीचं आणि पिठाचं तेवढं राहिलं. उरलेल्या कडेला तिनं लिहिलं, "दानेश्वरी, सुखी राहा." पुढं काही दिसेना, म्हणून तिनं डोळे पुसले आणि दार ओढून घेतलं.