हा कागद धाकटीने वाचून दाखवावा

नाही बाबा, पास म्हणजे पास नसतं. परवा तुम्ही मधेच फोन ठेवलात, म्हणून उरलेलं भांडण कागदावर घालतो.

मी, तुमचा थोरला, वय चोवीस, रंगाच्या कारखान्यात टाक्या धुणारा, डोके ठिकाणावर असताना, कोणी शिकवले-फितवले नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. उद्यापासून मला मोठ्या टाकीच्या आत उतरायचे आहे. दोन वर्षांपूर्वी याच टाकीत माझा जोडीदार गुदमरून गेला. झाकणावर पाटी होती, पंखा तासभर चालवल्याशिवाय उतरू नये. त्याच्याकडे शाळा पूर्ण केल्याचा दाखला होता, माझ्यासारखाच. पाटी वाचता येत नव्हती, तेही माझ्यासारखंच. मी दोरी धरून वर उभा होतो. त्यानंतर भांडारवाल्या काकांनी मला डब्यांवरची अक्षरे लावायला शिकवली.

१. माझा दाखला तुम्ही काचेत घालून भिंतीवर टांगलाय, तो उतरवावा. परीक्षेत मास्तरांनी फळ्यावर उत्तरे लिहून दिली आणि कोपऱ्यात शिपायासाठी लिहिले, ‘पुसू नये’. मी चित्र काढावे तसे तेही पेपरात उतरवले. अख्ख्या वर्गाने उतरवले. सगळे पास. चौकट चांगली आहे, तिच्यात आरसा बसवून आईला द्यावा.

२. सायकल आणि पान्यांची पेटी चुलतभावाला. तसाही तो विचारून थोडीच नेणार आहे!

३. चौथीच्या बाई म्हणाल्या होत्या, “याला वाचता येत नाही, अजून एक वर्ष माझ्याकडे राहू द्या.” तुम्ही शाळेच्या दारात ओरडलात, “पोराचं वर्ष खाता काय?” मी तुमच्या मागे उभा राहून हसलो. त्यानंतर शाळेने बाईंना वर्ग दिला नाही, कपाटांच्या किल्ल्या दिल्या. माझ्या वतीने त्यांची माफी मागावी. तुम्ही स्वतः जाऊन मागावी, आईला पुढे करू नये.

४. बँकेतली शिल्लक आणि माझ्यामागे कंपनी जे देईल ते, सगळे धाकटीचे. पण अट आहे. पासाची रेघ पस्तिसावरून विसावर आणली, तरी तिला वर दोन गुण द्यावे लागले, आणि तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात. आता म्हणे ती नर्स होणार. मी तिला म्हटलं, “आईच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, वाच बघू.”

“दादा, फोटो पाठवते ना, तूच बघ. लाल झाकणाची सकाळची, एवढं कळतं मला.”

“आणि दुकानदाराने झाकणं बदलली तर?”

“तू ना, फारच मास्तर झालायस!” हसली. मला हसू आलं नाही.

तर हा कागद तिने बाईंसमोर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः मोठ्याने वाचावा. बाई ‘बरोबर’ म्हणतील तेव्हाच पैसे तिचे. तोवर तिला कोणत्याही आजारी माणसाच्या उशाशी उभे करू नये. आमच्या आईच्याही नाही.

साक्षीदार: भांडारवाले काका, सही. शुद्धलेखनही त्यांनीच तपासले.
दुसरा, क्रेनवाला, अंगठा. दाखला त्याच्याकडेही आहे.
ठिकाण: कामगारांच्या खोल्या, जिन्याखालची.
तारीख: रविवार, सोळा जून.

ता.क. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तुम्ही मागितलेले चाळीस हजार पाठवत नाही. बाईंकडे धाकटीच्या शिकवणीचे एक वर्ष, महिना बाराशेने, त्याचे पाठवतो: चौदा हजार चारशे.