बेंजोचा थांबा

आबा, परवा कोरेगावात तुमच्या नावाचा कार्यक्रम झाला. चौकात ट्रकएवढा फ्लेक्स लावला होता. डोक्याला फेटा, मांडीवर बेंजो, आणि खाली मोठ्या अक्षरात 'बेंजोचा बादशहा'. फोटो कमरेपर्यंतच छापला ते बरं केलं, नाहीतर बादशहाच्या पायातल्या दोन तऱ्हेच्या चपला सगळ्या तालुक्याला दिसल्या असत्या. वाळव्याकडच्या, औंधाकडच्या, कुठकुठल्या बेंजो पार्ट्या आल्या होत्या. मांडवात बसायला जागा नव्हती. जो उठेल तो माईक धरून सांगत होता, तुमच्या ट्रॉलीपुढं आम्ही अनवाणी कसे नाचलो, तुम्ही तारेवर नखी टेकवली की अंगावर काटा कसा यायचा, कर्ण्यातनं आवाज निघाला की शेजारच्या गावची माणसं कामं टाकून कशी पळत यायची. एक जण तर बोलता बोलता रडला. मी पुढच्या खुर्चीत बसून त्याच्याकडं बघत होते. मनात म्हणत होते, बाबा रे, शेवटची वर्षं हा माणूस ओसरीवर बसून बेंजोच्या बटणांना नुसतं तेल देत होता, तेव्हा तू कुठं होतास? डीजे आले तशा तुमच्या सुपाऱ्या बंद झाल्या. 'आबा, यंदा तुमची पार्टी नको' असं तोंडावर येऊन सांगायची तसदीही कुणी घेतली नाही. गरज सरो, वैद्य मरो. आणि आता मेल्या म्हशीला मणभर दूध.

त्यांच्यावर चिडणं सोपं आहे. माझा खरा राग तुमच्यावर आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो शिळा होत नाही. परवा त्याला पुन्हा ऊत आला, म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की मागच्या महिन्यात दोघं जण माझ्या सांगलीच्या दुकानात आले. मी ब्लाऊज शिवते, दुकानात पुरुष माणूस सहसा पाऊल टाकत नाही. एक मिलिटरीतनं रिटायर झालेले सुभेदार, पांढऱ्या मिशांचे, ताठ. त्यांच्याच गावच्या यात्रेत तुम्ही दरसाल वाजवायचा. दुसरं आष्ट्याचं तरणं पोरगं, कानात बाळी, स्वतःची बेंजो पार्टी आहे म्हणालं. एक बाई माप द्यायला उभी होती, तिला बाजूला सरकावं लागलं. सुभेदार म्हणाले, "ताई, कार्यक्रमाला तुमी यायलाच पायजे. लेकीनं दोन शब्द बोलावं, आमची लय इच्छा हाय." मी म्हटलं, मी काय बोलणार? तर ते पोरगं म्हणालं, "थांब्याचं सांगा की, ताई. आबांनी त्यो थांबा कसा बसवला, घरी कवा वाजवून दावला का, समद्या पार्ट्यास्नी तेच ऐकायचं हाय."

मी विचारलं, कुठला थांबा? पोरानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी यमाईच्या डोंगरावर जाऊन देवी कुठली म्हणून विचारलं. मग खिशातनं फोन काढून त्यानं मला ते शूटिंग दाखवलं. यात्रा कमिटीनं एका वर्षी शूटिंगवाला लावला होता, त्या जुन्या कॅसेटवरनं कुणीतरी फोनवर आणलेलं. मी ते तोवर कधी पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यावर कर्णे, मागं जनरेटर, सगळीकडं गुलाल. पुढं माडाएवढी उंच देवाची सासनकाठी कमरेच्या पट्ट्यात रोवून एक गडी नाचवतोय. तुमचा डावा हात बटणांवर नुसता पळतोय. आणि मग दोन वेण्यांची एक मुलगी ट्रॉलीवर चढते, तुमच्या कानाशी वाकते. तुमचा उजवा हात नखीसकट वर जातो आणि वरच राहतो. तुम्ही थांबलात म्हणून ढोल थांबतो, ताशा थांबतो. एवढ्या गर्दीत फक्त जनरेटर ऐकू येतो. मग तुमचा हात खाली येतो, एकाच तारेवर, अगदी सावकाश, भैरवी सुरू होते, आणि माणसं वेड्यासारखी ओरडायला लागतात.

"ही बारकी पोरगी फर्माईश घिऊन आलीती," ते पोरगं मला समजावून सांगत होतं. "कुणाची हाय, कुणाला ठावं न्हाई. तिच्यासाठी आबांनी वाजप तोडलं बगा. आता आमी समदीच त्यो थांबा घेतो. हात वर धरायचा, तसाच. पब्लिक शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतंय." माझ्या हातात मापाची टेप होती, ती मी गुंडाळत बसले. मग म्हटलं, येते मी कार्यक्रमाला. दोघांना केवढा आनंद झाला. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की ज्याला तुम्ही थांबा म्हणता तो काय आहे, हे त्या मांडवात सगळ्यांसमोर सांगायचं. त्या वेळी तिकडं माझी आई मरत होती, हे सांगायचं. तुमची एवढी नावं घेतात, तिचं एकदा तरी घेतलं जावं.

आपल्या घरात वायर लावायला विजेचं एकच बटण होतं, स्वयंपाकघरात. म्हणून तुमचा सरावही तिथंच. चुलीशेजारी पोत्यावर ॲम्प्लिफायर, आणि तुम्ही भिंतीला टेकून. मामानं आईला दिलेला मिक्सर फळीवर कापड पांघरून बसलेला, कारण बटण तुमच्याकडं. आई पाट्यावर वाटण वाटायची, आणि तुमची चाल धरूनच वाटायची, हे तुमच्या कधी लक्षात आलं का? मी एकदा ओल्या हातानं ॲम्प्लिफायरची वायर काढायला गेले, तर तुम्ही केवढ्यानं खेकसलात. "मरायचं हाय का? आन् त्येच्यावर घर चालतंय, कळतं का?" आई हसत म्हणाली, "तिच्या हाताला शॉक बसंल म्हणून वरडला, का मशीन बिघडंल म्हणून, ते तरी सांगा." तुम्ही बेंजो पुन्हा मांडीवर ओढलात. आई हसून घालवायची. मला ते कधी जमलं नाही.

मी दहावीला होते तेव्हा तिची कावीळ झाडपाल्यानं हटेना, शेवटी सातारला दवाखान्यात ठेवली. यात्रेची सुपारी तुम्ही आधीच घेतलेली. ती उठून बसत होती तेव्हा स्वतःच म्हणाली, "जावा तुमी. देवाचं वाजप हाय, न्हाई म्हणू न्हाई." तुम्ही गेलात, त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट फुगलं, नजर ठरेना, डॉक्टर मामाला म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. ती मधेच डोळे उघडून विचारायची, "ते आलं न्हाईत व्हय अजून?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू जा. तू गेलीस की येतील."

मामाच्या मोटारसायकलवर मागं बसून मी त्या गावात आले. चैत्राचं ऊन. त्या गावची रीत तुम्हीच आम्हाला कौतुकानं सांगायचा, काठी नि तिच्यामागं देवाची पालखी वेशीतनं हलली की देवळाला टेकेपर्यंत वाजप तुटायचं नाही, तुटलं तर वर्षभर गावाला बरं नाही. मामानं मला हात देऊन ट्रॉलीवर चढवलं. मी तुमच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "आबा, आई बोलावतीया. आत्ता चला." तुमचा हात वर गेला. मला वाटलं, झालं, आता तुम्ही वायर काढाल आणि उतराल. तुमच्या कपाळावरचा घाम गुलालात मिसळून डोळ्यात उतरत होता. तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग माझ्या डोक्यावरनं पलीकडं, लोकांकडं बघितलं. आणि म्हणालात, "पालखी देवळात जाऊ दे." हात खाली आला.

आपण दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला पलंगावरनं काढलं होतं. तुमच्या अंगावर गुलाल तसाच होता. मामानं तुमच्याशी पुन्हा कधी बोलणं ठेवलं नाही, आणि तुम्हीही त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात आलात, ॲम्प्लिफायरची वायर काढलीत, फळीवरचा मिक्सर खाली घेऊन पुसला, त्याची वायर बटणात घातली आणि मला म्हणालात, "घे. पाट्यावर वाटू नगंस आता." तुम्हाला वाटलं असेल, पोरीला काहीतरी दिलं. आबा, मी लग्न होऊन जाईपर्यंत त्या घरात पाट्यावरच वाटलं. तुम्हाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम जोरात वाटायचे.

तर परवा मांडवात आधी त्या आष्ट्याच्या पोरानं वाजवलं. चांगला हात आहे, खोटं कशाला बोलू. मधेच त्यानं हात वर धरला. सगळी माणसं गप्प झाली, फोन वर झाले, आणि ते पोरगं डोळे मिटून तुमच्यासारखा चेहरा करून बसलं. माझ्या आईच्या जिवाची ती नक्कल मला बघवेना. मग निवेदकानं माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले. म्हटलं, शूटिंगमधली ती मुलगी म्हणजे मी. एवढंच बोलले आणि टाळ्या सुरू झाल्या. थांबेनातच. शिट्ट्या, आरोळ्या. निवेदक पळत माझ्याजवळ आला, "अवं ताई, मग सांगाच, काय फर्माईश केलीती आबांस्नी?" मी म्हटलं, "आईकडं चला, म्हणाले होते." सगळा मांडव हसला. प्रेमानं हसला, आबा, लेकराच्या हट्टाला हसतात तसा. निवेदक म्हणाला, "बघा मंडळी! लेकराला आईची आठवण आली, आन् बापानं काय वाजवून दावलं!" पुन्हा टाळ्या. मी पुढचं वाक्य जुळवत उभी राहिले. समोर एवढी माणसं, सगळी वर तोंडं करून माझ्याकडं बघताहेत. ट्रॉलीवरनं तुम्हाला काय दिसत होतं ते मला तेव्हा कळलं. कळलं म्हणून माफ केलं असं नाही. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि मी खाली उतरले.

एकटे सुभेदार हसले नव्हते. मांडवामागं चहाच्या टेबलापाशी ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "ताई, त्या दिशी काठी माज्याच कमरंला हुती. सुट्टीवर आलोतो मी. वाजप थांबलं तसा माजा पाय अडकला, म्हणून मी वर बगितलं. आबांचं त्वांड मला आजून दिसतंय. आई काय झाली तुमची?" मी म्हटलं, गेली. पालखी देवळात टेकायच्या आत. त्यांनी हातातला कप टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आमास्नी सांगितलं असतं तर काठी टेकवली असती की आमी तिथंच. कुणाचं घर जळतंय म्हणून देव रागावतोय व्हय? सरपंच सोता त्यास्नी जीपनं घिऊन गेलं असतं. पर त्यांनी इचारलंच न्हाई कुणाला."

एवढी वर्षं मी त्या गावावर, त्या रीतीवर, त्या काठीवर चिडून होते. तुमच्यावरचा अर्धा राग तिथं ठेवला होता मी. आता तो सगळाच्या सगळा तुमच्याकडं परत आला. कुणीही तुम्हाला अडवलं नव्हतं. एक शब्द टाकायचा होता, एवढी माणसं समोर तुमच्या शब्दावर जीव टाकायला उभी होती. तुम्हाला वाजवायचंच होतं, की आईच्या पलंगापर्यंत जायची हिंमत नव्हती, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला ते वाईटच वाटतं. आणि ती भैरवी एवढी चांगली का वाजवलीत? बेसूर वाजवली असतीत तरी मला बरं वाटलं असतं.

हे कुठं पाठवायचं नाही, ते मला कळतं. मामा गेला, आई तर केव्हाच गेली, घरही विकलं. पण एक सांगते, तुमच्या त्या रडणाऱ्या चाहत्यांपैकी कुणाला सांगणार नाही. ते शूटिंग मी त्या पोराकडनं माझ्या फोनवर मागून घेतलं आहे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की लावते. भैरवी मी परत कधी ऐकली नाही. तुमचा हात वर गेला की मी बोटानं ते तिथंच थांबवते आणि फोन मशीनला टेकवून समोर ठेवते. हुकं लावते, काजं करते, मधेमधे बघते. दर वेळी मला वाटतं, या खेपेला तुम्ही उतराल. तेवढा वेळ आई सातारला जागी असते.