पहाटे सहाचा मेसेज

६ जानेवारी, सोमवार
आज इतिहास घडवला. कोणाच्या बागेत केळी कापणी, ट्रक किती वाजता, हा सोसायटीचा मेसेज उद्यापासून पहाटे सहाला सर्व्हर स्वतः पाठवणार. आजवर ऑफिसातल्या बेबाबाई एकेकाला फोन लावायच्या. चेअरमन लीलाधरनाना म्हणाले, आठवडाभर नीट चाललं तर एक तारखेपासून तुला कायम करतो. चालणारच. मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट दहा वेळा स्वतः चालवून पाहिलीय. शिवाय काम रूटच्या नावाने लावलं. रूट म्हणजे सर्व्हरचा मालक. त्याला कोण अडवणार?

७ जानेवारी, सकाळी ६.२०
मेसेज नाही. अंथरुणातूनच लॅपटॉपवर हाताने स्क्रिप्ट चालवली. अठ्ठावीस जणांना लगेच गेला. म्हणजे स्क्रिप्ट निर्दोष. नेटवर्क.

६.४०
अमळनेरहून सासऱ्यांचा फोन. ट्रक किती वाजता येईल, विचारत होते. त्यांच्याकडे बठ्ठा कापूस शे, केळीचं एक झाड नाही! वय झालं.

८ जानेवारी
तेच. सहाला शुकशुकाट, मी चालवली की सुरळीत. नानांना सांगितलं, नव्वद टक्के ऑटोमॅटिक झालंय. उरलेले दहा टक्के मी. सासऱ्यांचा फोन उचलला नाही.

९ जानेवारी
आठला जाग आली. कोकिळाबाईंच्या बागेत ट्रक गेला, पण निरोपच नाही म्हणून मजूर नाहीत. रिकामा परत. बाई ऑफिसात येऊन म्हणाल्या, आता झाडावर पिकलेली केळी तुझ्या सर्व्हरला खाऊ घाल. शरम वाटली. संकल्प: दोन गजर.
सासरे म्हणतात, त्यांना रोज सहाला मेसेज येतो, मजूर सांगून ठेवू का? म्हणजे एकाला तरी जातोय! नानांना प्रगती कळवली.

१० जानेवारी
ट्रेनी कामिनीने विचारलं, नंबरांची यादी कुठे आहे? म्हटलं, होम फोल्डरमध्ये. कोणाच्या, म्हणाली.
रूटचं होम वेगळं असतं. मी चालवली की स्क्रिप्ट माझी यादी वाचते, रूटने चालवली की त्याची. त्याच्याकडे दिवाळीत मीच चाचणीसाठी ठेवलेली यादी होती. नंबर एकच, सासऱ्यांचा. कामिनीने स्क्रिप्टमध्ये माझ्या यादीचा पूर्ण पत्ता लिहिला. चार मिनिटं. तसा मी तिथवर पोचतच होतो.

११ जानेवारी
मेसेज बरोबर सहाला, अठ्ठावीस जणांना. मी झोपलेलो.
दुपारी नानांनी कामिनीला कायम केलं. वाईट वाटलं. फारच.
संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. आज मेसेज उना नही, जावईबापू, नोकरी गई का?
नेटवर्क, म्हटलं.