स्वेटरची शिवण

धाकटे, तुला ताईचे अनेक आशीर्वाद.

इथे व्यसनमुक्ती केंद्रात तुझ्या लेकाच्या उलट्या, थरथर थांबली. डॉक्टर औषध देऊन हळूहळू सवय उतरवताहेत. काल दोन घास जेवला. तू जेवतेस ना?

तू पाठवलेल्या स्वेटरच्या शिवणीत त्याच्या जुन्या नशेच्या गोळ्या सापडल्या. त्याचे हाल बघवले नाहीत तुला, कळतं गं. पण त्या गोळ्या अफूपेक्षा कितीतरी जहाल. इतके दिवस सुटल्यावर पूर्वीची एकच गोळी आता त्याचा श्वास थांबवेल.

मला दोनच सापडल्या, आणि एक बाही उसवलेली होती. "मावशी, शपथ, हात नाही लावला," म्हणतो. पण डोळे जड दिसतात.

तुझा फोन लागेना, म्हणून तुमच्या गावाकडे निघालेल्या गाडीवाल्याकडे चिठ्ठी देते. त्याच्याच फोनवरून सांग, किती शिवल्या होत्यास? तोवर नर्सबाई आणि मी त्याला झोपू देत नाही.

तुझी ताई