कोकण कुठाय?

गोरेगाव, सप्टेंबर १९८४

प्रिय नंदू,

तुझं पत्र पोचलं. सुलक्षणा इथे रमत नाही, दिवाळीत येऊन तिला कणकवलीला परत नेतो, हे वाचलं आणि चष्मा काढून गॅलरीत जाऊन बसलो. शाळेतल्या दोन कविता चालीवर म्हटल्या, तेव्हा डोकं ताळ्यावर आलं. आता लिहितो.

तुला लेकीची काळजी वाटणारच, मलाही नातीची वाटत होती. तिकडचं कॉलेज सोडून शेवटच्या वर्षाला अंधेरीत आली आणि पहिल्याच तासाला पंचाईत झाली. बाई वर्गात शिरल्या तशी ही आपली उठून उभी राहिली. एकटीच! तिकडे सगळा वर्ग उठतो, इथे कुणी उठत नाही, हे तिला कुणी सांगावं? सगळे हसले. नावच पडलं, 'कोकण'. घरी येऊन म्हणाली, "नाना, मी परत जाते." तुला रडून लिहिलं ते तेव्हाच. पुढे एकदा न उठता बसून पाहिलं, तर म्हणे पाय आपोआप ताठ होत होते. मला माझी शाळा आठवली. मास्तर दारात दिसले की आम्ही उभे, आणि उभ्यानेच कविता सुरू. त्या सारवलेल्या जमिनीचा वास अजून... असो, भरकटलो.

तर ती उठतच राहिली. शेवटी वर्गातली मालाडची नीला तिला म्हणाली, "ए कोकण, बस ना खाली! तुझ्यामुळे आम्ही उद्धट दिसतो." ही म्हणते, "मग तुम्ही उठा." दुसऱ्या दिवशी नीला उठली, चेष्टेने. मग तिचं बाक उठलं, मग मागचे टगेही. बाई म्हणाल्या, "बसा रे, राष्ट्रगीत नाही चाललंय!" परवा सुलक्षणा तापाने घरी होती. संध्याकाळी नीला दारात हजर. म्हणाली, आज वर्गात बाई आल्या, सगळे उभे राहिले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "कोकण कुठाय?" एवढं सांगायला पोरगी मालाडहून आली होती! आतून दोघींचं खिदळणं आणि सारखं "यार, यार" ऐकू येत होतं. त्यातला एक आवाज आपल्या मुलीचा, बरं का.

दिवाळीत जरूर ये. पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कामासाठी. इकडे येताना तिने अर्धे कपडे आणि कवितांची पुस्तकं ट्रंकेत घालून तिकडेच ठेवली होती, परतावं लागलं तर असावीत म्हणून. ती ट्रंक घेऊन ये. हा निरोप माझा नाही. आज सकाळी वेणी घालताना तिनेच सांगितला, अगदी सहज.

तुझाच,
नाना